वरच्या मजल्यावरचं टिंब

१४ ऑक्टोबर, सोमवार

लिही, खिताम. लिही की हज करून आलेल्या हाजा रस्मियाला लिहिता येत नाही, म्हणून तिची सून लिहितेय. हे पहिल्याच ओळीत येऊ दे. पुढं चुका निघाल्या तर त्या कुणाच्या, याबद्दल कुणाच्या मनात शंका नको.

हसू नकोस. लिही.

माझा मिफ्लिह सत्तावीस वर्षं सल्त शहरात कोर्टाबाहेर अर्ज लिहितो. पत्र्याची टपरी, आत एक कॉम्प्युटरचं मशीन, बाहेर दोन खुर्च्या. कुणाला भावाकडून जमीन हवी असते, कुणाला नवऱ्याकडून पोरं. सगळे आधी माझ्या मुलापुढं रडतात आणि मग जजपुढं. पाच आठवड्यांपूर्वी एका विधवेचा अर्ज अर्धा झाला असताना तो खुर्चीतून कलला. उजवा हात गेला. जीभ जड झालीय, पण चालते. मात्र जड बोलण्याची त्याला लाज वाटते, म्हणून तो बोलतच नाही. भिंतीकडं तोंड करून पडतो.

आता कोर्टाचा कागद आलाय. १३ नोव्हेंबरला मिफ्लिहनं समितीपुढं बसायचं, सोबतीला कुणी नाही, वीस मिनिटांत एक पान टाइप करायचं. सगळ्या विरामचिन्हांसकट. पाच चुका माफ, सहावीला अर्ज लिहायचा परवाना गेला. चिन्ह राहिलं तर तीही चूकच.

परवाना गेला तर मिफ्लिह त्या भिंतीकडचं तोंड पुन्हा फिरवायचा नाही. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की घरात मशीन वाजत ठेवा, त्याच्या कानावर ओळखीचा आवाज पडू द्या. म्हणून रोज मी बोलणार आणि खिताम बडवणार. तिलाही येत नाही, मलाही येत नाही. दोघींचं छान जमेल.

पहिल्या वाक्यानंतरचा पूर्णविराम शोधायला हिला किती वेळ लागला ते लिही. तेवढ्यात माझा चहा निवला. नाव खिताम, म्हणजे शेवट. हिच्या बापानं हिच्यावर मुलींचा पूर्णविराम द्यायचा ठरवलं होतं. त्यानंतर झाली ती किफाया, म्हणजे पुरे. तिच्यानंतरही एक झाली, तेव्हा बाप नावं ठेवायचा थांबला आणि बायकोला म्हणाला, तूच ठेव. त्या घराण्यात पूर्णविराम कधी वेळेवर सापडलेलाच नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज मला सगळं समजावून घेतलं. मला न कळणारी गोष्ट घरात चाललेली खपत नाही.

खिताम म्हणते, मशीनच्या फळीवर प्रत्येक बटण म्हणजे एक घर. खाली अक्षर राहतं. टिंबं, शेपट्या, कानाच्या बाळीसारखं ते प्रश्नाचं चिन्ह, हे सगळे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. पूर्णविराम 'झै' अक्षराच्या वर, स्वल्पविराम 'नून'च्या वर. नुसतं दार वाजवलं तर खालचा माणूस बाहेर येतो. वरच्याला बोलवायचं तर एका हातानं जिना धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं दार वाजवायचं. त्या जिन्याच्या बटणाचं नाव शिफ्ट.

मी म्हटलं, "म्हणजे दोन हात लागतात?"

खिताम म्हणाली, "लागतात, हाजा."

आतल्या खोलीत पलंग करकरला.

जन्मभर मी मसुरातून खडे वेचले. आता कळतंय की कोर्टाला मसूर खड्यांसकटच लागतो.

अजून एक. मी पुढचं वाक्य आठवत होते, तोवर ही रिकाम्या बोटानं जिन्याचं बटण वाजवत बसली. टक टक टक टक टक. आणि मशीननं शिट्टी मारली! पडद्यावर एक चौकट आली म्हणे.

"काय म्हणते?"

"काही नाही. काहीतरी विचारते. मी 'नाही' म्हणून टाकलं."

"काय विचारते ते वाचलंस?"

"ती नेहमीच येते हाजा. तिला सगळे 'नाही'च म्हणतात."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अबू नायेफ आला होता. मिफ्लिहच्या टपरीला लागून त्याची टपरी. वीस वर्षं दोघांनी एकाच पत्र्याखाली पावसाळे काढले. हरीसेचा, रव्याच्या मिठाईचा, डबा आणला होता, वर बदाम. बदाम पाहिले तेव्हाच मला वास आला.

मी कॉफी दिली. त्यानं कप घेतला आणि ओठाला न लावता समोर ठेवला.

आता मागणं घेऊन आलेला माणूसच कप खाली ठेवतो, आणि घरधन्यानं 'पी, तुझं काम झालं' म्हटल्याशिवाय पीत नाही, हे आमच्या शेळ्यांनाही माहीत आहे. तो काय मागणार हे मला दिसत होतं. कोपऱ्यावरची टपरी मिफ्लिहची, सावली त्याच्याकडं, गिऱ्हाईक आधी तिथं थांबतं. माणूस अजून जिवंत आहे आणि हा जागा मागायला आला!

"उम्म मिफ्लिह, मिफ्लिहच्या आई," तो म्हणाला, "कॉफी छान दिसतेय."

"दिसतेच," मी म्हटलं. "बायको बरी आहे ना?"

"बरी आहे. कॉफी निवतेय."

"या दिवसांत निवतेच. ऑलिव्ह कसे आलेत यंदा?"

अर्धा तास मी त्याला ऑलिव्ह, पाऊस आणि त्याच्या जावयाचे गुडघे यांत फिरवला. शेवटी उठला. कप तसाच. दारात म्हणाला, "हाजा, तुमच्याशी बोलण्यापेक्षा वाघाचे दात मोजणं सोपं."

खिताम म्हणते मी त्याचा अपमान केला. केला. लिही.

२७ ऑक्टोबर रविवार

लिही म्हणायची सवय लागली पण आज लिहायला कोण आहे खिताम बापाकडे ऑलिव्ह उतरवायला गेली आणि हा माझ्याकडं पाठ करून मशीनपुढं बसलाय पत्ते खेळत असेल खेळ बाबा निदान पलंगावरून उठलास हेही खूप झालं टक टक करतोयस ते ऐकून बरं वाटतं मी आपली ऑलिव्ह ठेचत बसते तू तुझं चालू दे

मिफ्लिह तुला आठवतं का तू सात वर्षांचा होतास आणि गाढवावरून पडलास डावं मनगट मोडलं सगळे म्हणाले इस्पितळात ने आणि मी तुला माझ्या मामाकडं नेलं हाडवैद्याकडं त्यानं अंडं आणि पीठ लावून बांधलं आणि तुझी बोटं कायमची अशी आखडली फाकतच नाहीत मी सगळ्यांना सांगितलं की इस्पितळ बंद होतं

बंद नव्हतं रे माझ्या भावाचं लग्न होतं त्या दिवशी मला उशीर होत होता मला नाचायचं होतं

तेव्हा वाटलं डावा तर हात आहे उजवा शाबूत आहे ना आता उजवा गेला आणि उरलाय तो मी बिघडवलेला हे मी कुणाला सांगितलं नाही तुलाही सांगत नाहीये तू कुठं ऐकतोयस तू तुझे पत्ते बघ

२८ ऑक्टोबर, सोमवार

खिताम परत आली. मशीन उघडलं आणि पडद्याजवळ तोंड नेऊन बसली. मी म्हटलं, "मेलं का मशीन?"

म्हणाली, "नाही हाजा. कालचं एक पान जास्तीचं आहे."

"मग पूस."

"नको. राहू दे."

नाक ओढत होती. ऑलिव्हच्या बागेत धूळ फार, सर्दी झाली असेल. मी मरमियाच्या पाल्याचा चहा करून दिला. तिनं माझा हात धरला आणि सोडेचना. बापाच्या घरी काहीतरी झालंय, मला सांगत नाही. उद्या किफायाला फोन करून विचारते.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

मिफ्लिह लिहितो!

दुपारी खिताम माझ्याशेजारी मक्लूबेचं, वांगं-भाताचं, भांडं उलटं करत होती, आणि आतून टक, टक, टक. मी हिच्या दोन्ही हातांकडं पाहिलं. दोन्ही भांड्याला होते. मग मी आतल्या खोलीकडं पाहिलं. मग हिच्या तोंडाकडं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"मी माहेरी गेले त्या रविवारपासून."

"त्या रविवारी तर मी—"

"हो, हाजा. अक्षर न अक्षर आहे. फक्त टिंब एकही नाही."

भांडं तिनंच उचललं. एवढी वर्षं तोंडात धरलेलं, आणि सांगितलं ते नेमकं त्याच्या बोटाखाली. आज जेवताना त्यानं मक्लूबेतलं वांगं काढून माझ्या बाजूला सरकवलं, एवढंच. त्याला वांगं आवडत नाही, म्हणून त्याचा अर्थ मला लावता आला नाही.

पण बारा दिवस उरलेत. डाव्या हाताच्या एका बोटानं तो खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांना बाहेर काढतो, चांगल्या वेगानं. वरचे भाडेकरू येत नाहीत. जिना धरायला अंगठा टेकवतो, दार वाजवायला बोट लांबवतो, तर ती बोटं फाकत नाहीत, अख्खा तळवा फळीवर पडतो आणि पडद्यावर अक्षरांचा उकिरडा होतो. खितामनं पाहिलं, दारामागून. तीस वेळा केलं म्हणे. एकतिसाव्यांदा फळी भिंतीवर मारली.

एका पानात चाळीस चिन्हं असतात. माफ पाच.

तो हाडवैद्य मामा वारला तेव्हा मी त्याच्यासाठी तीन दिवस रडले होते. ते परत मिळालं तर बरं होईल.

३ नोव्हेंबर, रविवार

आज जरा सावकाश लिही, माझं मलाच नीट लागत नाहीये.

सकाळी मी सरळ आत गेले आणि मिफ्लिहच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "लपाछपी पुरे," म्हटलं. "माझ्यासमोर कर."

त्यानं केलं. तळवा पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. मग तो रागानं ते जिन्याचं बटणच एका बोटानं ठोकायला लागला. जसा मुका माणूस दार ठोकतो. पाचव्या ठोक्याला शिट्टी.

त्यानं लगेच 'नाही' म्हणायला बोट उचललं. मी ते बोट पकडलं.

"थांब. काय मागते ती?"

त्यानं मान हलवली. काही नाही.

"मिफ्लिह, ही बया दर दोन दिवसांनी या घरात येते. कप खाली ठेवते. आणि आपण तिला विचारतसुद्धा नाही की बाई, तुझं मागणं काय. तुझा बाप असता तर त्यानं आपल्या सगळ्यांना घराबाहेर झोपवलं असतं. वाच!"

मग जड जिभेनं, एकेक शब्द उचलून, त्यानं वाचलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचा आवाज इतका सलग ऐकला. चौकट विचारत होती की दोन बटणं एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबायची सोय सुरू करू का.

मला आधी कळलंच नाही. त्याला कळलं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लहान मुलासारखा झाला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"यम्मा," तो म्हणाला, "म्हणजे... जिना... मशीनच धरून ठेवतं."

"मग तिला म्हण ना, कॉफी पी! तुझं काम झालं!"

त्यानं 'हो' म्हटलं. एक ठोका जिन्याला. बोट उचललं, हवेतून नेलं, दुसरा ठोका दाराला. टक. टक. मी पडद्याकडं पाहिलं. मसुराच्या दाण्याएवढं एक टिंब, जागच्या जागी. खिताम दारात तोंडावर ओढणी धरून उभी होती.

आणि तेव्हा मला तो दुसरा कप आठवला.

मी खितामला पाठवून अबू नायेफला बोलावलं. कॉफी ओतली आणि त्यानं कप हातात घ्यायच्या आधीच म्हटलं, "पी. तुझं काम झालं. आता सांग काय होतं."

"हाजा," तो म्हणाला, "मला टपरीची किल्ली हवी होती."

"म्हणजे टपरीच घेऊन टाक!"

"अहो, ऐका तरी एकदा! टपरी साठ दिवस सलग बंद राहिली तर परवाना आपोआप जातो. मग कसली समिती आणि कसली परीक्षा. छप्पन्न झाले. मी रोज सकाळी त्याची टपरी उघडून, खुर्च्या मांडून, एखादा अर्ज त्याच्या नावानं लिहीन म्हणत होतो. तेवढंच सांगायला आलो होतो, तर तुम्ही मला माझ्या जावयाचे गुडघे दाखवलेत."

चार दिवस. चार दिवसांनी सगळं माझ्या तोंडानं बुडणार होतं.

मी किल्ली दिली. त्यानं कॉफी प्यायली आणि म्हणाला, "त्या दिवशीची जास्त चांगली होती." मला बोलायला तोंड नव्हतं, हे लिही आणि त्याला वाचून दाखवू नकोस.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या.

घरच्या मशीनवर काल सात चुका, आज सकाळी सहा, दुपारी तीन, मग पुन्हा आठ. त्याचं बोट थकलं की हलतं. आणि कोर्टाचं मशीन वेगळं. तिथं ती बया येईल का? पाच ठोक्यांना उठेल का? मी खितामला विचारलं, खितामनं अबू नायेफला विचारलं, अबू नायेफ म्हणाला, "मी तर तिला आयुष्यभर 'नाही'च म्हटलंय, मला काय माहीत."

तीन वेळा नमाज पढताना माझी मोजणी चुकली. देवाला म्हटलं, या माझ्या चुका, त्याच्यात धरू नकोस.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कोर्टात तीन पायऱ्या चढून गेलं की लांब बोळ आहे आणि त्यात एक बाक. खिताम आणि मी तिथं. दार बंद करत नव्हते, कारण आतला पंखा मोडलाय. मला आत दिसत नव्हतं. मला दिसून तरी काय उपयोग. मला ऐकू येत होतं.

कुणीतरी म्हणालं, "सुरू करा."

टक टक टक टक टक. शिट्टी.

आली! मी खितामला कोपर मारलं. तेवढ्यात आत खुर्ची सरकली, बुटांचा आवाज, आणि कुणी कारकून प्रेमानं म्हणाला, "असं करतं हे मशीन, जुनं आहे. थांबा, मी बंद करतो."

बंद केलं.

मग काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला इतका मोठा कधीच आला नव्हता. अक्षरांचे ठोके सुरू झाले, टक, टक, टक, एकेकटे. मी मोजत होते. जोड येत नव्हती. मला त्या रविवारचं पान आठवलं, एकही टिंब नसलेलं. तसंच दुसरं पान तयार होत होतं, आत, समितीसमोर. मी उठले. खितामनं मला खाली ओढलं. "सोबतीला कुणी नाही असं लिहिलंय, हाजा. तुम्ही दारात दिसलात तरी संपलं."

मी बसले. माझ्या जन्मात दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसल्याची ही पहिली वेळ.

मग ठोके थांबले. आणि पुन्हा, सावकाश: टक टक टक टक टक.

शिट्टी. खुर्ची सरकली. बूट.

"हात..." माझ्या मुलाचा आवाज. जड, वाकडा, सगळ्या बोळात ऐकू जाईल असा. "हात लावू नका. ती... मला हवीय."

बूट थांबले.

टक. मग श्वासभर काही नाही. टक.

खितामची नखं माझ्या मनगटात रुतली होती, अजून खुणा आहेत. मी मोजत गेले. टक, टक. टक, टक. तो मागं जाऊन प्रत्येक वाक्याला त्याचं देणं देत होता. किती वेळ उरला होता मला माहीत नाही. घंटी वाजली तेव्हाही शेवटची एक जोड अर्धी होती की पूर्ण, ते मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर तो घामानं भिजलेला. विचारलं, "झालं?" तर खांदा उडवला. फक्त डावा.

निकाल रविवारी.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज खिताम स्वयंपाकघरात आहे आणि लिहिणारा दुसरा आहे. हळू बोल म्हणतो. मी म्हटलं तूच वेगानं लिही.

चार चुका. परवाना राहिला. पाच माफ होत्या, म्हणजे एक शिल्लक आहे. ती मी स्वतःकडं ठेवलीय, लागेल मला.

सकाळी आम्ही टपरी उघडायला गेलो, तर खुर्च्या आधीच मांडलेल्या. अबू नायेफनं मशीनही पुसून ठेवलं होतं. पहिलं गिऱ्हाईक ती विधवा. तिचा अर्ज सप्टेंबरपासून अर्धाच राहिला होता. दुसऱ्या कुणाकडं का नाही गेलीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून कोण रडणार?"

घरी आल्यावर हा मशीनपुढं बसला आणि मला शेजारी बसवलं. मग म्हणाला, "यम्मा, त्या लग्नात... मी त्या हाडवैद्याच्या घरातून पाहत होतो. खिडकीतून. हात बांधलेला."

मी ओढणी पुढं ओढली.

"छान नाचलीस," म्हणाला.

यावर मी काय बोलले ते तो लिहीत नाहीये. मी सांगितलं लिही, तरी नाही. हे आमच्या घरातलं पहिलं पान, जे मी बोलले आणि लिहिलं गेलं नाही.

आता म्हणतो संपवूया. मी म्हटलं संपव. तर म्हणतो, शेवटचं टिंब तू दे. अरे मला पहिलं अक्षर अलिफ येत नाही आणि टिंब देऊ? म्हणतो अलिफ लागत नाही, एकच बोट लागतं. आधी जिना. मग बोट उचल, घाई नाही, मशीन तो धरून ठेवेल. मग हे दार. पण म्हणतो तू बोलायची थांबल्याशिवाय ते देता येणार नाही यम्मा म्हणून थांबते

.